मदुराईची रात्र झोपेत घालवू नका

महाराष्ट्रातून दक्षिणेला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात मदुराईच्या वाट्याला बहुधा एक रात्र येते आणि ती झोपण्यात जाते. रामेश्वर आणि कन्याकुमारी ही खरी ओढ. मदुराई म्हणजे वाटेतला मुक्काम. संध्याकाळी मीनाक्षीचे दर्शन, बरोबर नेलेल्या आचाऱ्याच्या हातचा वरण-भात आणि पहाटेची बस. वेळ उरलाच तर तिरुमलै नायकाचा महाल. या आखणीत श्रद्धेची सोय आहे, पोटाची आहे, खिशाचीही आहे. शहराला मात्र त्यात जागा नाही. तमिळ लोक मदुराईला ‘तूंगा नगरम’, न झोपणारे शहर, म्हणतात आणि आपण नेमके तिथे जाऊन झोपतो. पर्यटकांनी थोडे जागावे, एवढाच सल्ला द्यायचा असता तर तो प्रवासाच्या पुरवणीत शोभला असता. पण मदुराईच्या रात्रीत आपल्या नगररचनेसाठीही काही आहे. ‘नाइटलाइफ’ आणि ‘रिव्हरफ्रंट’ हे शब्द गेली काही वर्षे आपल्या महापालिकांच्या तोंडी फार असतात. दोन्हींमागची समजूत एकच: आधी परवानगी द्या, रंगरंगोटी करा, दिवे लावा, मग माणसे आपोआप येतील. मदुराईची रात्र याच्या उलट क्रमाने घडली आहे. तिथली नदी मात्र याच समजुतीच्या आहारी गेली. एकाच शहरात दोन्ही निकाल पाहायला मिळतात, म्हणून ते नीट पाहण्यासारखे आहे.

ही रात्र जुनी आहे. मांगुडी मरुदनार या कवीने पांड्य राजा नेडुंजेळियन याला उद्देशून रचलेल्या ‘मदुरैक्कांची’ या संगमकालीन काव्यात शहरातल्या दिवसाच्या आणि रात्रीच्या अशा दोन वेगवेगळ्या बाजारांचे वर्णन आहे. त्यावरून लगेच प्राचीनतेची आरती ओवाळायचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की तिथे रात्रीची ओळख जुन्या काळापासून बाजाराशी जोडलेली आहे, म्हणजे कामाशी. त्यामागे हवामान आहे. मदुराईचा उन्हाळा दुपारी माणसाला बाहेर टिकू देत नाही. खुद्द मीनाक्षीचे देऊळही दुपारी काही तास बंद असते. त्यामुळे व्यवहार दिवसाच्या दोन टोकांना सरकतो. दुसरे कारण भूगोलाचे. दिंडिगुल, तेनी, विरुदुनगर, रामनाथपुरम, तिरुनेलवेली या सगळ्यांच्या वाटा मदुराईत येऊन मिळतात. माट्टुत्तावणीच्या बसस्थानकात रात्रभर गाड्यांची ये-जा चालते. देवळाभोवती एकात एक बसवलेल्या चौकोनी रस्त्यांपैकी मासी रस्त्यांवर घाऊक व्यापार आहे, मालमोटारी रिकाम्या होतात त्या रहदारी ओसरल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरण्या आल्या आणि त्यांच्याबरोबर पाळ्या आल्या. आणि मोगरा. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा खरा दर्जा घड्याळावर ठरतो. कळी उमलण्याआधी, उजाडता-उजाडता खुडावी लागते, लगोलग बाजारात आणावी लागते आणि संध्याकाळी ती कुणाच्या तरी केसांत फुलावी लागते. पोंगलच्या सुमारास फुले कमी आणि मागणी जास्त असते, तेव्हा किलोचा भाव हजारांत जातो. असा नाशवंत माल ज्या शहराच्या अर्थकारणात आहे, त्याला सात वाजता उठून चालत नाही.

जागे राहणाऱ्याला भूक लागते, आणि मदुराईचे खाणे याच भुकेला दिलेले उत्तर आहे. परोट्टा घ्या. मैद्याची कणीक तेलात मुरवायची, ती हवेत फिरवून पदर काढायचे, गुंडाळून थापायची, भाजून झाल्यावर दोन्ही हातांनी चेचून पदर सुटे करायचे, वर पातळ, झणझणीत साल्ना ओतायचा. स्वस्त, पोट भरणारे आणि मिनिटांत ताटात येणारे. पाळी संपवून आलेल्याला आणखी काय हवे? उरलेल्या परोट्ट्यांचे दोन पात्यांनी तव्यावर तुकडे करत अंडे आणि साल्ना घालून कोत्तु परोट्टा होतो. त्याचा खणखणाट हीच त्या दुकानाची जाहिरात असते. सिम्मक्कल भागातल्या कोनार मेसमुळे नावाजलेला करी दोसा म्हणजे जाड दोशावर अंडे आणि वर शिजवलेल्या मटणाचा थर. हा नाश्त्याचा नव्हे, रात्रीच्या जेवणाचा पदार्थ आहे. परुत्ती पाल म्हणजे सरकीचे दूध. सरकी भिजवून, वाटून, पिळून काढलेल्या त्या दुधात गूळ आणि सुंठ घालून ते उकळतात. सरकीकडे फक्त म्हशीच्या दृष्टीने पाहणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला याचे आश्चर्य वाटेल, पण पेला रिकामा झाल्यावर ते टिकणार नाही. आणि जिगरठंडा: आटवलेले दूध, भिजवून फुगलेला बदामाचा डिंक, नन्नारी म्हणजे अनंतमुळाचे सरबत आणि वर आइसक्रीमचा गोळा. विळक्कुत्तूणजवळच्या दुकानांमुळे तो प्रसिद्ध झाला आणि २०१४ च्या ‘जिगरठंडा’ या तमिळ चित्रपटानंतर शहराची ओळखच बनला. पर्यटक एवढाच एक पदार्थ पिऊन, छायाचित्र काढून परत फिरतात. हरकत नाही, पण मदुराईतल्या पदार्थांमध्ये रात्र सगळ्यात कमी याच्यात आहे. ती खरी कळते इडलीत. मध्यरात्रीला टेकताना वाफाळती इडली आणि चार चटण्या मिळणे म्हणजे कोणी तरी त्या वेळेचा हिशेब धरून पीठ आंबवले आहे. अकरा वाजता येणारे गिऱ्हाईक नक्की येणार, हा भरवसा परवान्याने येत नाही. तो वर्षानुवर्षांच्या येण्याने येतो.

सहलीतल्या ज्येष्ठांना हे तेल-तिखट कसे मानवणार, असे संयोजक विचारतील, आणि ते खोटे नाही. सत्तरीतल्या माणसाने रात्री अकराला मटणाचा दोसा खावा असे कोणी म्हणत नाही. पण इडली आणि गरम दूध यांहून हलके काय असते? शिवाय रात्र पाहण्यासाठी खाल्लेच पाहिजे असेही नाही. देवळात रोज रात्री शेजारती असते. सुंदरेश्वराच्या पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहाकडे नेतात आणि त्यानंतरच देऊळ मिटते. संध्याकाळी सहाच्या रांगेतून दर्शन घेऊन परतणाऱ्यांचा हा सोहळा हमखास चुकतो. तो पाहून बाहेर पडले, की चित्तिरै रस्त्यावर गजरेवाल्या बायका, फुगेवाले, जमिनीवर फतकल मारून बसलेली कुटुंबे असतात. मदुराईच्या रात्रीचा पहिला प्रहर देवळाने बांधून दिलेला आहे. देवळाला दरवाजा बंद करण्याची घाई नाही, म्हणून बाजाराला ती नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. नाइटलाइफ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी पब येतो, आणि विरोध करणारे व पाठिंबा देणारे दोघेही त्याच चित्रावरून भांडतात. तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३ पासून टास्मॅक या सरकारी महामंडळाकडे आहे आणि त्याची दुकाने रात्री दहाला बंद होतात. म्हणजे मदुराईची रात्र जिथे रंगात येते, तिथे दारूचे दुकान मिटलेले असते. तिथे कोणी पीत नाही असा याचा अर्थ नाही. पण शहराचे जागेपण दारूवर उभे नाही, एवढे यातून सिद्ध होते. हे मराठी वाचकाला नवे वाटायला नको. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांच्या मुंबईत लालबाग-परळची रात्र अशीच होती. भोंगे होते, चहाची दुकाने होती, खाणावळी होत्या. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच जागत्या वस्तीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या आणि रात्रही गेली. पुढे त्याच जमिनींवर मॉल आले आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांना रात्रभर उघडे राहण्याची मुभा देण्याचा गाजावाजा झाला. रात्र बंद पडली ती परवानगीअभावी नव्हे, काम गेल्यामुळे. औषध मात्र परवानगीचे दिले.

परवानगीतही एक गोम आहे. तमिळनाडूने २०१९ मध्ये दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली, ती दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना. आपला २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांभोवती रचला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यविक्रीची ठिकाणे वगळून चोवीस तासांची मुभा पुन्हा स्पष्ट केली. कागदावर सगळे ठीक. पण मदुराईची रात्र ज्यांच्यामुळे चालते तो परोट्टा घालणारा, त्याचा हाताखालचा पोरगा, सरकीचे दूध विकणारा हातगाडीवाला, गजरेवाली यांच्यापैकी कोणाकडे दहा माणसे आहेत? मोठ्या दुकानाला आदेश दाखवता येतो. गाडीवाल्याला शिट्टी वाजली की तवा विझवावा लागतो. शहर पूर्वीइतके जागे राहत नाही, अशी हळहळ मदुराईतच ऐकू येते. ती दूर करायची तर धोरण खालून सुरू व्हायला हवे. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात एकच जागा वेळेच्या वाटणीने वापरण्याची कल्पना आहे. दिवसा वाहनतळ असलेल्या जागेवर रात्री तवे लागायला त्यातून वाट निघू शकते. आपल्या किती शहरांनी ती काढून पाहिली?

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की दुसऱ्याच्या जागरणाचे हे कौतुक आहे. पाहुणा दोन वाजता हौसेने कोत्तु खातो, पण तवा हलवणाऱ्याला ती हौस नसते. आक्षेप रास्त आहे आणि गोड बोलून तो टळत नाही. रात्रपाळीने शरीर झिजते, लहान खाणावळीत कामाचे तास मोजले जात नाहीत आणि कामगार बहुधा बिगर-नोंदणीचा असतो. तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणे बंधनकारक केले. असा कायदा करावा लागतो, यातच परिस्थिती दिसते. पण यावर उपाय रात्र बंद करणे हा नाही. बंदीने काम थांबत नाही, ते शटरच्या आड जाते आणि तिथे ना तास मोजले जातात ना मजुरी. रात्र अधिकृत असेल तरच रात्रीच्या कामाचा जादा दर, आठवड्याची सुट्टी आणि निजायला जागा मागता येते. शेजाऱ्यांच्या झोपेचा मुद्दाही असाच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना बंदी आहेच आणि ती पाळायलाच हवी. बाजाराच्या पेठेतल्या तव्याच्या आवाजाची सांगड निवासी सोसायटीखालच्या डीजेशी घालण्यात अर्थ नाही. मदुराईत जागतात ते घाऊक पेठांचे, बसस्थानकांचे, देवळाभोवतीचे पट्टे, वसाहती झोपतात.

स्त्रियांबाबत मात्र मदुराईला पूर्ण गुण देता येणार नाहीत. देऊळ मिटेपर्यंत रस्त्यावर बायकांची संख्या पुरुषांच्या बरोबरीची असते. त्यानंतर ती झपाट्याने ओसरते आणि मध्यरात्रीचा परोट्टा जवळजवळ पुरुषांचाच उरतो. न झोपणारे शहर अर्ध्या लोकसंख्येपुरते अकरालाच झोपते, असे म्हटले तरी चालेल. पण पहिल्या प्रहरात बायका एवढ्या मोकळेपणाने का असतात, याचे उत्तर उपयोगी आहे: त्या तिथे कामाला आणि देवाला आलेल्या असतात, रस्त्यावर असण्याचे कारण त्यांना सिद्ध करावे लागत नाही. मे २०२१ पासून तमिळनाडूतल्या साध्या शहरी बसमधून स्त्रियांना मोफत प्रवास आहे. कारण आणि वाहन दोन्ही असले की रस्ता भरतो. म्हणून उरलेल्या प्रहरांसाठी कॅमेरे वाढवण्याआधी बसच्या फेऱ्या आणि वापरण्याजोगी स्वच्छतागृहे वाढवावीत. आपल्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीची संमती, सुरक्षा आणि वाहतूक यांची अट आहे, पण ती कामावरच्या स्त्रीसाठी. सहज बाहेर पडलेल्या बाईची वाहतूक ही कोणाचीच जबाबदारी नाही.

आता नदी. मदुराई वैगईच्या दक्षिण काठावर वाढली, मग पूल ओलांडून उत्तरेला पसरली, आणि या विस्तारात नदी शहराच्या पाठीमागे पडली. पात्र रुंद आहे, पाणी क्वचितच. वरुसनाडच्या डोंगरांतून येणारी ही नदी आधीच पावसावर जगणारी. त्यात १९५९ पासून वैगई धरण पाणी वाटून देते. पश्चिमेकडे वाहणाऱ्या पेरियारचे पाणी डोंगर फोडून इकडे वळवणारे मुल्लपेरियार धरण १८९५ चे. म्हणजे मदुराईपर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक थेंबावर शेताचा किंवा नळाचा हक्क आधीच लागलेला असतो. शहरात उरते ते सांडपाणी आणि जलपर्णी. पाण्याची ही चणचण इतकी जिव्हारी लागणारी आहे की एप्रिल २०१७ मध्ये तत्कालीन मंत्री सेल्लूर राजू यांनी बाष्पीभवन रोखण्यासाठी धरणाच्या पाण्यावर थर्माकोलच्या चादरी अंथरवल्या. वाऱ्याने त्या काठाला आणून टाकल्या आणि मंत्रिमहोदय थट्टेचा विषय झाले. हसण्यासारखेच होते ते, पण काठावर शोभेचे दिवे लावण्यापेक्षा पाण्याची चिंता तरी त्यात जास्त होती.

कारण नंतर स्मार्ट सिटी योजनेत वैगईला मिळाल्या त्या दोन्ही काठांवर भिंती आणि रस्ते. वाहतुकीला वाट मिळाली, नदीला पाणी नाही. तिथे संध्याकाळ घालवायला पाहुण्याने जावे असे सुचवणे कठीण आहे. आणि तरीही वर्षातून एकदा, तमिळ चित्तिरै महिन्यातल्या पौर्णिमेला, याच कोरड्या पात्रात लाखो लोक रात्रभर दाटी करतात. वीसेक किलोमीटरवरच्या अळगर कोविलहून कळ्ळळगर, म्हणजे विष्णू, बहीण मीनाक्षीच्या लग्नाला निघतो. आदल्या रात्री शहर त्याला सामोरे जाते, पहाटे तो सोन्याच्या घोड्यावरून वैगईत उतरतो आणि लग्न उरकल्याचे कळून तिथूनच माघारी वळतो, अशी कथा लोक सांगतात. त्याच्या अंगावरच्या रेशमाच्या रंगावरून वर्षाच्या पिकापाण्याचा अंदाज बांधतात. भाविक चामड्याच्या पिशव्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडवतात. या दिवसासाठी धरणातून मुद्दाम पाणी सोडले जाते. एका शैव आणि एका वैष्णव उत्सवाची सांगड तिरुमलै नायकाने घातली असे मानतात. एवढा समुदाय काठाला आणायला ना पदपथ लागला, ना कारंजे. पाणी आणि कारण, दोनच गोष्टी पुरल्या. गर्दीचे नियोजन मात्र लागतेच. २०२२ मध्ये याच सोहळ्यात चेंगराचेंगरी होऊन दोघांचा जीव गेला, तेव्हा ‘लोक आपोआप येतात’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

भिंतींच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. भिंत नसती तर अतिक्रमण पात्रात आणखी आत आले असते, कचरा थेट ओतला गेला असता, असे अभियंते सांगतात, आणि अतिक्रमणापुरते ते खरे आहे. पण सीमारेषा आखणे वेगळे आणि काठ जिवंत करणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी काय लागते ते त्याच शहराच्या पूर्वेला दिसते. वंडियूरचे मारियम्मन तेप्पकुळम हे विस्तीर्ण तळे तिरुमलै नायकाच्या काळातले, १६४५ चे; वैगईला कालव्याने जोडलेले. कित्येक वर्षे ते कोरडे असे आणि पोरे त्यात क्रिकेट खेळत. तै महिन्यातल्या नौकोत्सवापुरते पाणी भरले जाई. अलीकडे कालव्याचा गाळ काढून नदीचे पाणी तळ्यात आणले गेले, आणि संध्याकाळी त्याच्या कठड्यांवर शहर येऊन बसू लागले. मग खाण्याच्या गाड्या आल्या. क्रम असा: आधी पाणी, मग माणसे, मग तवे. मदुराईत नदीकाठची संध्याकाळ शोधणाऱ्या पाहुण्याने नदीवर न जाता इथे यावे.

पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचे काम साबरमतीच्या धर्तीवर चालू आहे. साबरमतीत दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्याचे आहे. वैगईला उधार मिळालेल्या पेरियारच्या पाण्यावर शेताचा आणि नळाचा हक्क आहे आणि मुठेला अशी दुसरी नदी मिळण्याची शक्यता नाही, कारण खडकवासल्याच्या पाण्यावर शहराचा आणि दौंड-इंदापूरच्या शेतीचा हक्क आधीच आहे. तेव्हा या प्रकल्पाच्या चर्चेत पहिला आकडा काँक्रीटचा नसून पाण्याचा असायला हवा: उन्हाळ्याच्या कोणत्या महिन्यात, किती, आणि किती शुद्ध केलेले पाणी पात्रात असेल. दुसरा आकडा काठाच्या वापराचा. तिथे धुणारे, मासे धरणारे, विसर्जनाला येणारे, गाडी लावणारे यांच्यापैकी कोण उरणार आणि रात्री दहानंतर काठावर कोणती बस थांबणार, हे आराखड्यात लिहिलेले असावे. हे दोन आकडे जाहीर होईपर्यंत काठावरच्या दिव्यांची निविदा थांबवायला काही हरकत नसावी.